गोडी मारणाऱ्या पाल्याची परीक्षा

साताऱ्याचा कंदी पेढा ज्यानें चाखला नाहीं असा मराठी माणूस विरळाच. परंतु तोच पेढा जिभेवर ठेवावा आणि तो मातीच्या गोळ्यासारखा बेचव लागावा, असा चमत्कार घडवून आणणारी एक वेल सह्याद्रीच्या उतारांवर व रानाच्या कडेच्या झुडुपांत वाढत असते. तिचें हिरवें पान दोन मिनिटें चावून थुंकून टाकावें आणि मग साखरेची चिमूट तोंडांत घालावी. साखर वाळूसारखी दातांखालीं कचकचते, विरघळूनहि जाते; पण गोड म्हणून लागत नाहीं. मिठाचा खारटपणा जागच्या जागीं असतो, चिंचेचा आंबटपणाहि असतो. एक गोडी तेवढी हरपलेली असते. अर्ध्या तासानें, फार तर तासाभरानें, ती आपली आपण परत येते.

या वेलीला मराठींत बेडकीचा पाला म्हणतात. कोठें कावळी, तर कोठें काळीकारदोरी असेंहि नांव ऐकूं येतें. हिंदी भाषिक तिला गुडमार म्हणतात, म्हणजे गुळाला मारणारी. औषधांच्या दुकानांतून मधुनाशिनी या नांवानें तिचें चूर्ण मिळतें. संस्कृत ग्रंथांतील मेषशृंगी ती हीच, असें पुष्कळ जाणकार मानतात. परंतु मेडशिंगी नांवाचा एक वृक्षहि त्या नांवावर हक्क सांगतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या वेलीला जिम्नेमा सिल्वेस्ट्रे म्हणतात. नांवांचा हा गोंधळ किरकोळ समजूं नये. परीक्षेच्या वेळीं तोच पुढें आडवा येतो.

जी वस्तु जिभेवरची गोडी मारते ती रक्तांतील गोडीहि मारील, हा तर्क मनुष्याच्या मनांत सहज उभा राहतो. त्या तर्काच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या हा पाला मधुमेही माणसांना दिला गेला. आपल्या प्राचीन वैद्यांना हा रोग चांगला ठाऊक होता. त्यांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हें त्यांनीं पाहिलें. बैठी राहणी आणि अतिभोजन यांचा या रोगाशीं संबंध आहे, हेंहि त्यांनीं सांगून ठेवलें. ज्यांची नजर इतकी तीक्ष्ण होती त्यांनीं सांगितलेलीं औषधें हंसण्यावारी नेण्यासारखीं खास नाहींत. परंतु रोगाचें निदान अचूक असलें म्हणजे औषधहि अचूक असतेंच असें नाहीं. तें स्वतंत्रपणें तपासावें लागतें.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नाहीं. कृष्णाकांठचा हा सारा मुलूख उसाचा. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांना उसाचे मळे पसरले आहेत. गुळाची ढेप आणि साखरेचें पोतें यांचें घरांत कौतुक. त्याच मुलुखांत, देशाच्या इतर भागांप्रमाणें, मधुमेहानें घरोघर पाय रोवले आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें देशांत मधुमेही माणसें सुमारें १० कोटी असून प्रौढांमध्यें त्यांचें प्रमाण दर शेंकडा ११.४ आहे. रोगाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक आहेत.

सांगलीच्या एखाद्या वाड्यांतील चित्र डोळ्यांपुढें आणावें. आजोबांना दहा वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ गोळी घेण्याचा त्यांना कंटाळा आला आहे. शेजारचे अण्णा एके दिवशीं कागदाच्या पुडींतून हिरवट चूर्ण आणून देतात आणि म्हणतात, “आबा, तीन महिने हें घ्या, गोळ्या फेंकून द्याल.” आजोबांना तें पटतें. सून पदवीधर आहे, ती म्हणते, “मामंजी, याला पुरावा काय?” आजोबा उत्तर देतात, “अग, आपले पूर्वज काय वेडे होते?” दोघांच्याहि बोलण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु आजोबांच्या पायाला एक लहानशी जखम झालेली आहे आणि ती भरून येत नाहीं. म्हणून हा वाद सवडीनें मिटवण्यासारखा नाहीं. पुराव्याचा शोध घेणें प्राप्त आहे.

या पाल्याची आधुनिक हकीकत सुरू होते ती चहाच्या पेल्यापासून. एजवर्थ नांवाच्या एका वनस्पतिप्रेमी गृहस्थांनीं हीं पानें चावलीं आणि त्यांना चहांतील साखर लागेना. त्यांच्या या अनुभवाचा वृत्तांत फाल्कनर यांनीं १८४७ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीला कळविला. पुढें चाळीस वर्षांनीं, १८८७ सालीं, उटकमंड येथें काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञांनीं पानांतून गोडी मारणारें द्रव्य वेगळें काढलें व त्यास जिम्नेमिक आम्ल असें नांव दिलें. तें एकच द्रव्य नसून एकमेकांसारख्या अनेक द्रव्यांचा समूह आहे, हें नंतर कळून आलें. तें रक्तांत कांहीं करतें कीं नाहीं हा प्रश्न दूरच राहो. जिभेवर तें नेमकें काय करतें याचा उलगडा होण्यासहि एकविसावें शतक उजाडावें लागलें. गोडी ओळखणारे जे सूक्ष्म ग्राहक जिभेवर असतात त्यांना हीं द्रव्यें कांहीं काळ चिकटून बसतात आणि कुलपांत भलतीच किल्ली अडकावी तसा प्रकार होतो, असें जपानी संशोधकांनीं २०१४ सालीं दाखविलें.

रक्तांतील साखरेची परीक्षा मात्र त्याच्या पुष्कळ आधीं सुरू झाली होती. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेंत रामनाथ चोप्रा यांनीं देशी औषधें एकेक करून तपासण्याचें प्रचंड काम हातीं घेतलें होतें. इन्शुलिनचा शोध १९२१ सालीं टोरोंटो येथें लागला होता. आपल्या रानावनांतहि त्याच्या तोडीचें कांहीं असेल काय, अशी स्वाभाविक आशा होती. चोप्रा यांनीं प्रथम १९२५ सालीं तोंडलीची वेल तपासली, आणि मग १९२८ सालीं सहकाऱ्यांसह आपला बेडकीचा पाला. रोग्यांना चूर्ण देऊन त्यांच्या मूत्रांतील व रक्तांतील साखर मोजली. निष्कर्ष निराशेचा होता: साखर उतरल्याचें दिसलें नाहीं.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९३० सालीं, डॉ. म्हसकर आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेंतील फादर कायस या दोघांनीं याच वेलीवर एक सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. एक मराठी डॉक्टर आणि एक जेझुइट पाद्री अशी ही जोडी. त्यांनीं प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यांना रक्तांतील साखर उतरलेली आढळली. हा पाला साखरेवर सरळ घाला घालीत नाहीं, तर स्वादुपिंडाला चेतवून त्याच्याकडून अधिक इन्शुलिन सोडवितो, असें अनुमान त्यांनीं केलें. इन्शुलिन हातीं आल्याला दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या अनुमानाचें मोल कळून येतें.

आतां एकाच वेलीबद्दल दोन जाणत्या ठिकाणांहून दोन उलट उत्तरें यावींत, याचा अर्थ काय? कोणीतरी खोटें बोललें असा अर्थ मुळींच नव्हे. कलकत्त्यास परीक्षा झाली ती रोगी माणसांवर. दुसरी झाली ती प्राण्यांवर. ज्या रोग्याच्या स्वादुपिंडांत इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी फारशा उरल्याच नाहींत, त्या रिकाम्या विहिरींत कितीहि मोट सोडली तरी पाणी कोठून येणार? चूर्णाची मात्रा किती, पानें कोणत्या ऋतूंत तोडलीं, उन्हांत वाळविलीं कीं सावलींत, अर्क पाण्यांत काढला कीं मद्यार्कांत, अशा प्रत्येक गोष्टीनें उत्तर बदलूं शकतें. कारखान्यांतील गोळी प्रत्येक वेळीं सारखी असते. रानांतील पान तसें नसतें. वनस्पतीची परीक्षा करणें हें म्हणूनच मोठें चिकाटीचें काम आहे.

हें काम हल्लीं कसें चालतें तें पाहण्यासारखें आहे. प्रथम पानें गोळा करावयाचीं, आणि फुलाफळांसह एक फांदी दाबून, वाळवून, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून जपून ठेवावयाची. मेषशृंगी आणि मेडशिंगी यांचा घोटाळा टळतो तो या वाळलेल्या फांदीमुळें. मग पानें सावलींत वाळवून, कुटून, वेगवेगळ्या द्रवांत त्यांचे अर्क काढावयाचे. अर्क विषारी तर नाहीं ना, हें आधीं उंदरांवर पाहावयाचें. त्यानंतर उंदरांना मधुमेह जडवावयाचा.

उंदरांना मधुमेह जडविण्याच्या युक्तीचाहि एक इतिहास आहे. ग्लासगो येथें १९४३ सालीं डन, शीहन व मक्लेची हे तिघे मूत्रपिंडाच्या विकाराचा अभ्यास करीत होते. अलॉक्सान नांवाचें द्रव्य सशांना टोंचलें असतां त्यांच्या स्वादुपिंडांतील इन्शुलिन करणाऱ्या पेशी नेमक्या मरतात, असें त्यांना अनपेक्षितपणें दिसून आलें. पुढें १९६३ सालीं स्ट्रेप्टोझोटोसिन या दुसऱ्या द्रव्याचा तसाच गुण लक्षांत आला. तेव्हांपासून जगभर हीच रीत पडली आहे. उंदरांचे गट पाडतात: एक निरोगी, एक रोगी पण औषधाविना, एक रोगी व ठाऊक असलेली गोळी दिलेला, आणि बाकीचे रोगी व अर्काच्या कमीअधिक मात्रा दिलेले. तीन-चार आठवडे त्यांच्या रक्तांतील साखर मोजतात व शेवटीं स्वादुपिंडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. औषधाविना ठेवलेला गट फार महत्त्वाचा, कारण कांहीं उंदीर आपले आपणच सुधारतात.

याच प्रयोगशाळेंत त्याच अर्काची दुसरी एक परीक्षा करण्याचा प्रघात पडला आहे. तिला ऑक्सिडीकरण-रोधक गुणाची परीक्षा म्हणतात. तिचा अर्थ स्वयंपाकघरांत समजतो. चिरलेलें सफरचंद उघडें राहिलें कीं काळवंडतें; लिंबाचा रस चोळला तर काळवंडत नाहीं. हवेंतील प्राणवायु पदार्थांना जो एक प्रकारचा गंज चढवितो त्याला आवरणारीं द्रव्यें फळांत, पानांत, चहांत, हळदींत पुष्कळ असतात. शरीरांतहि अन्नाच्या ज्वलनाबरोबर कांहीं अति चंचल कण निर्माण होतात, आणि मधुमेहांत त्यांचा उपद्रव वाढतो. या चंचल कणांना शांत करण्याची शक्ति एखाद्या अर्कांत किती आहे हें पाहण्यासाठीं एक जांभळें द्रव्य वापरतात. ही रीत १९५८ सालीं ब्लॉइस यांनीं सुचविली. अर्काचे थेंब टाकले कीं जांभळा रंग फिका होत पिवळा पडतो. जितका रंग जाईल तितका गुण अधिक. रीत सोपी, स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारी आहे.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. कांचेच्या नळींत रंग उडाला म्हणून शरीरांत रोग हटेल, असें म्हणतां येत नाहीं. चहाचा काढा टाकला तरी तो रंग उडतो. म्हणून चहा हें मधुमेहाचें औषध ठरत नाहीं. अर्क पोटांत जातो, पचतो, यकृतांतून जातो, आणि रक्तांत किती उरतो हा प्रश्न शिल्लक राहतोच. मोठ्या परीक्षांनीं या बाबतींत चांगलाच धडा दिला आहे. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर जी परीक्षा झाली तिचे निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. गाजरांतील ऑक्सिडीकरण-रोधक द्रव्य ज्यांना दिलें त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हावा ही अपेक्षा; प्रत्यक्षांत तो दर शेंकडा १८ इतका अधिक आढळला. तसेंच ई जीवनसत्त्व सुमारें साडेनऊ हजार माणसांवरील परीक्षेंत, ज्यांत मधुमेही पुष्कळ होते, साडेचार वर्षें देऊन पाहिलें. हृदयविकार कमी झाला नसल्याचें २००० सालीं जाहीर झालें. नळींत जें गुणकारी दिसतें तें शरीरांत निरुपयोगी, प्रसंगीं अपायकारकहि ठरूं शकतें.

या दोन परीक्षांचा आपसांत एक छुपा संबंधहि आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून पुष्कळ निबंधांचा खरा अर्थ लागत नाहीं. अलॉक्सान स्वादुपिंडाच्या पेशींना मारतें तें याच चंचल कणांच्या द्वारें. तेव्हां असे कण शमविणारा कोणताहि अर्क जर उंदराला आधींच पाजून ठेवला, तर त्या विषाचा मारा बोथट होऊन उंदीर मधुमेहापासून थोडाफार वांचतो. प्रयोग यशस्वी दिसतो. परंतु सांगलीच्या आजोबांना मधुमेह झाला आहे तो अलॉक्सानमुळें नव्हे. त्यांचा रोग वय, वंश, वजन आणि राहणी यांतून वर्षानुवर्षें वाढत आलेला आहे. उंदराला विषापासून वांचविणें निराळें आणि माणसाचा जुना रोग हटविणें निराळें.

दुसरी गोष्ट मात्रेची. उंदराला त्याच्या वजनाच्या दर किलोमागें ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, असें निबंधांत वाचावयास मिळतें. माणसाचें शरीर मोठें व त्याचा देहव्यापार मंद, म्हणून हा आंकडा सुमारें सहानें भागतात. तरीहि ६० किलो वजनाच्या माणसास जवळजवळ चार ग्रॅम अर्क लागेल. दहा भाग पानांतून एक भाग अर्क निघाला असें धरलें, तर रोज ४० ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांहून अधिक वाळलेला पाला झाला. अण्णांच्या पुडींतील चमचाभर चूर्ण आणि निबंधांतील उंदीर यांचा मेळ बसत नाहीं तो असा.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, याची सर्वांत सुंदर साक्ष या वेलीनेंच दिली आहे. जिम्नेमिक आम्लानें माणसाच्या व चिंपांझीच्या जिभेवरची गोडी जाते. उंदरांवर मात्र त्याचा परिणाम जवळजवळ होत नाहीं. उलट याच पानांत गुर्मारिन नांवाचें एक प्रथिन सांपडलें आहे. तें उंदरांच्या जिभेवरची गोडी घालवितें, पण माणसाच्या जिभेवर तें फारसें चालत नाहीं. एकाच पानांत एक किल्ली उंदराची आणि दुसरी माणसाची. केवळ उंदरांवर भरंवसा ठेवणाऱ्यानें हें विसरूं नये.

म्हणून शेवटची परीक्षा माणसांवरच व्हावी लागते. मद्रासच्या संशोधकांनीं अशा दोन परीक्षा केल्या आणि त्या १९९० सालीं प्रसिद्ध झाल्या. इन्शुलिनवर असलेल्या २७ रोग्यांना, तसेंच गोळ्या घेणाऱ्या २२ रोग्यांना, त्यांचें चालू औषध न थांबवितां, या पाल्याचा विशिष्ट अर्क रोज ४०० मिलिग्रॅम दिला. पहिल्या गटांत इन्शुलिनची गरज कमी झाली. दुसऱ्या गटाला तो अठरा ते वीस महिने दिला. साखर उतरली, गोळ्यांची मात्रा कमी करतां आली, आणि २२ पैकीं ५ जणांना गोळ्या अजिबात सोडतां आल्या. ही बातमी आशा वाढविणारी होती, यांत शंका नाहीं.

परंतु बावीस माणसें म्हणजे एका वर्गाइतकींहि नव्हेत. शिवाय आपल्याला नवें औषध मिळत आहे हें रोग्याला ठाऊक होतें आणि डॉक्टरांनाहि ठाऊक होतें. परीक्षेंत नांव घातलें कीं माणूस पथ्य अधिक पाळतो, फिरावयास जातो, वेळेवर जेवतो. साखर उतरते, श्रेय पाल्याला मिळतें. हें टाळण्यासाठीं एका गटाला खरें औषध आणि दुसऱ्याला तसेंच दिसणारें पण निर्गुण चूर्ण द्यावें लागतें. कोणास काय मिळालें हें शेवटपर्यंत ना रोग्याला कळूं द्यावयाचें, ना डॉक्टराला. आणि दोनचार दिवसांची साखर न पाहतां मागील दोनतीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्तपरीक्षा करावयाची. अशी मोठी, दीर्घ आणि निःपक्षपाती परीक्षा होऊन हा पाला गोळीची जागा घेऊं शकतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

सह्याद्रींतील दुसऱ्या एका वनस्पतीची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. बिबळा, ज्यास औषधी व्यवहारांत विजयसार म्हणतात, त्याच्या लाकडाचा पेला करून त्यांत रात्रभर ठेवलेलें पाणी सकाळीं प्यावयाचें, ही चाल पुष्कळांस ठाऊक आहे. वाग्भटाच्या असनादि गणांत या वृक्षाला प्रमुख स्थान आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभीं भारतीय संशोधकांनीं असें जाहीर केलें कीं, त्यांतील एपिकॅटेचिन हें द्रव्य उंदरांच्या मेलेल्या स्वादुपिंड-पेशी पुन्हां उगवितें. जगभर खळबळ उडाली. इतर प्रयोगशाळांनीं तोच प्रयोग करून पाहिला, पण त्यांना तें फळ मिळालें नाहीं. दावा मागें पडला. तथापि वृक्ष मागें पडला नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें नव्यानें मधुमेह जडलेल्या रोग्यांवर विजयसारची परीक्षा केली आणि १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले: बारा आठवड्यांत ९७ पैकीं ६७ रोग्यांची साखर ताब्यांत आली, बहुतेकांना रोज २ ग्रॅम पुरले. या परीक्षेंतहि तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता, तरी एक पाऊल पुढें पडलें. एक दावा खोटा ठरला म्हणून सारें झाड टाकून द्यावयाचें नसतें, आणि एक परीक्षा साधली म्हणून तें डोक्यावरहि घ्यावयाचें नसतें.

वनस्पतीपासून मधुमेहाचें उत्तम औषध निघूं शकतें, याचें उदाहरण तर घरोघर आहे. युरोपांत गॅलेगा नांवाचें एक रोप आहे. त्यांत साखर उतरविणारें द्रव्य सांपडलें, पण तें विषारी. तें रोप खाऊन गुरें दगावत. रसायनशास्त्रज्ञांनीं त्याच घराण्यांतील सौम्य द्रव्यें तयार केलीं. त्यांतील मेटफॉर्मिन हें १९५७ सालीं फ्रान्समधील झां स्टेर्न यांनीं मधुमेह्यांवर वापरून दाखविलें. सांगलीचे आजोबा जी गोळी फेंकून देण्यास निघाले आहेत, ती बहुधा हीच. रानपाल्याचा पक्ष घेऊन ते ज्या गोळीशीं भांडत आहेत, तिचा जन्महि एका रानपाल्यापासूनच झालेला आहे. फरक इतकाच कीं, तो पाला परीक्षेच्या सर्व पायऱ्या चढून आला.

पाला आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हीहि समजूत बरोबर नाहीं. बेडकीचा पाला घेणाऱ्या एका रोग्याच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०१० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत झाली आहे. अशीं उदाहरणें विरळा असलीं तरी दृष्टीआड करण्याजोगीं नाहींत. गोळीबरोबर पाला घेतला आणि दोघांचा परिणाम एकत्र झाला, तर साखर एकाएकीं फार उतरून घेरी येण्याचा संभव असतो; डॉक्टरांना कांहींच सांगितलेलें नसल्यामुळें त्यांना कारणहि उमगत नाहीं. कायद्यानेंहि या बाबतींत लोकांचें रक्षण करण्याचा यत्न केला आहे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयींचा जो कायदा १९५४ सालीं झाला, त्याच्या यादींत मधुमेहाचें नांव आहे. तो बरा करण्याची हमी देणारी जाहिरात करणें हा गुन्हा आहे. तरीहि “मधुमेह मुळापासून नाहींसा” अशा पाट्या बाजारांत दिसतात. जो माणूस अशी हमी देतो त्याचें चूर्ण घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

आणखी एक बाजू आहे ती रानाची. एखाद्या पाल्याचा गुण वर्तमानपत्रांत छापून आला कीं दुसऱ्या दिवसापासून ती वेल मुळासकट उपटली जाऊं लागते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कोयना व चांदोलीचीं रानें २०१० सालापासून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत आलीं आहेत. तेथून पान तोडण्याचीहि मुभा नाहीं, आणि तें योग्यच आहे. ज्यांना या वेलीचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनीं ती परसांत, कुंपणावर लावावी. परीक्षेपूर्वींच वनस्पति संपली, तर परीक्षा कशाची करावयाची?

आतां पुन्हां त्या वाड्यांत जाऊं या. सुनेनें वाद वाढविला नाहीं. तिनें पुडी घेतली, आजोबांना घेतलें, आणि दोघें मिळून नेहमींच्या डॉक्टरांकडे गेलीं. डॉक्टरांनीं आधीं पायाची जखम पाहिली, ती धुऊन बांधली आणि चांगलें दरडावलें: जखम वाहत असतांना साखर वाढूं देणें म्हणजे पाय गमावण्याची तयारी करणें होय. मग त्यांनीं रक्त तपासलें, गोळी चालू ठेवण्यास बजावलें आणि पुडीबद्दल शांतपणें सांगितलें, “हें चूर्ण वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. यांत कोणता पाला आहे, किती आहे, हें तुम्हांला ठाऊक नाहीं आणि मलाहि नाहीं. तेव्हां सध्यां तें राहूं द्या.” आजोबा थोडे हिरमुसले. परंतु पूर्वजांचा अपमान कोणी केला नव्हता, म्हणून त्यांनीं तें ऐकलें.

घरीं आल्यावर त्यांनीं नातवाला परसांतल्या कुंपणावरच्या वेलीचें एक पान तोडून आणावयास सांगितलें. नातवानें तें चावलें आणि साताऱ्याहून आलेला पेढा तोंडांत टाकला. त्याचें तोंड वांकडें झालें. सारें घर हंसलें. त्या पानानें जिभेवरची गोडी मारते हें एवढें निर्विवाद सिद्ध आहे, आणि तें कोणासहि स्वतःच्या जिभेवर पाहतां येतें. रक्तांतील गोडीचें काय, याचें उत्तर अद्याप पुरें यावयाचें आहे. तें येईल तें वाळवून जपलेल्या फांदीपासून शेंकडों रोग्यांच्या निःपक्षपाती परीक्षेपर्यंतचा लांबचा रस्ता चालूनच. तोंपर्यंत आजोबांची गोळी, सकाळचें फिरणें, पथ्याचें जेवण आणि रोज रात्रीं झोंपण्यापूर्वीं पायांची पाहणी, यांत खंड पडूं नये.